गाडी घरीच चमकवायची: पहिलं सामान निवडतानाच्या नोंदी (जळगाव–भुसावळ, जानेवारी ते एप्रिल २०२५)

१९ जानेवारी : पाहणी

गाडी: गडद निळी हॅचबॅक, २०१८ चं मॉडेल, ६२,००० किलोमीटर. रात्री जळगावात उघड्यावर, दिवसा भुसावळला रेल्वे यार्डाच्या बाजूला. रोज महामार्गावरून ये-जा. आठवड्यातून दोनदा यावल-रावेरकडच्या केळीच्या पट्ट्यातून फेरी.

ठरवलेली मर्यादा: २०,००० रुपये. त्यात मशिनपासून कापडापर्यंत सगळं यायला हवं. गाडी आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधी तयार हवी.

रात्री मोबाइलचा टॉर्च बॉनेटवर तिरपा मारून पाहिला. प्रकाशाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल रेघा दिसल्या. धूळ न काढता कोरड्या फडक्याने रोज पुसलं की हीच जाळी पडते. छतावर पाण्याचे पांढरे गोल डाग. मागच्या दारावर हात फिरवला तर वाळूच्या कागदासारखा खरखरीत. हात पातळ प्लास्टिक पिशवीत घालून फिरवला की खरखर जास्त कळते.

पहिली चूक आजचीच. ‘ऑल इन वन’ किट मागवलं, १,४५० रुपये. आत शॅम्पू, पॉलिश, डॅशबोर्ड चमकवायचं द्रव आणि टायर पॉलिश, सगळ्या १०० ते २०० मिलीच्या बाटल्या. सोबत पिवळा स्पंज आणि एक पातळ कापड. शॅम्पू दोन धुलाईत संपेल. स्पंज तर वापरूच नये: त्याला सपाट तोंड असतं, कच आत शिरत नाही, स्पंज आणि रंग यांच्यामध्ये अडकून फिरत राहते. पॉलिशच्या बाटलीवर ते किती खरखरीत आहे याचा उल्लेखच नाही. गाडी स्वच्छ धुता येण्याआधी पॉलिश घ्यायचं कारणच नव्हतं.

२६ जानेवारी : पहिली धुलाई, बोअरचं पाणी

किटमधला शॅम्पू, बोअरचं पाणी, सकाळी साडेदहा. चारही दारं होईपर्यंत बॉनेट वाळलं आणि पांढऱ्या ठिपक्यांनी भरलं. धुण्याआधीची गाडी बरी दिसत होती.

पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर घेतला, २५० रुपये. बोअर ९१० पीपीएम, नळाचं पाणी २८०, वीस रुपयांच्या जारमधलं आरओचं पाणी ४५. हा आकडा कळल्यावर पुढचे बरेच निर्णय बदलले. ९१० च्या पाण्याचा थेंब उन्हात वाळला की पाणी उडतं, क्षार रंगावर राहतात. त्यावर कितीही महाग वॅक्स लावा, डाग पुढच्या धुलाईला परत येतात.

डाग काढायला: पांढरं व्हिनेगर आणि आरओचं पाणी निम्मं-निम्मं. कापड त्यात भिजवून डागावर दीड-दोन मिनिटं ठेवायचं, न घासता उचलायचं, लगेच भरपूर पाणी. सावलीत आणि गार पत्र्यावरच. ताजे डाग सगळे गेले. छतावरचे जुने डाग फिकट झाले पण गेले नाहीत. त्यांनी क्लिअर कोटमध्येच (रंगावरच्या पारदर्शक थरात) खड्डा केला आहे, ते पॉलिशचं काम.

आतापासून नियम: धुलाई बोअरच्या पाण्याने केली तरी शेवटचं पाणी आरओचं. त्यासाठी वेगळं काही घ्यावं लागत नाही. बागेची झारी, तिची चाळणी काढून टाकायची आणि छतापासून सलग धार सोडायची. पाणी पडद्यासारखं उतरतं आणि मागे थेंब फार कमी राहतात. १० लिटरमध्ये पूर्ण हॅचबॅक होते.

२ फेब्रुवारी : बादल्या, हातमोजे, कापड

खरेदी: २० लिटरच्या दोन बादल्या ४४०, तळाशी ठेवायच्या दोन जाळ्या ६००, मायक्रोफायबरचे झुपकेदार हातमोजे दोन ५००, पीएच न्यूट्रल (ना आम्ल, ना अल्कली) शॅम्पू एक लिटर ४५०, गाडी कोरडी करायचा मोठा टॉवेल ६५०, ३५० जीएसएमच्या (चौरस मीटरमागे इतके ग्रॅम वजन) बारा कापडांचं पाकीट ९००.

जाळ्या महाग वाटल्या, पण धुलाई संपल्यावर मोजा खंगाळायच्या साध्या पाण्याच्या बादलीच्या तळाशी बोटभर काळा गाळ होता. जाळी नसती तर प्रत्येक बुडवणीला तोच गाळ मोज्याला लागून बॉनेटवर गेला असता.

शॅम्पूचं प्रमाण बाटलीवर १ ला ४०० होतं. १५ लिटर पाण्याला साधारण ३८ मिली. डोळ्यांच्या अंदाजाने ओतलं तर सहज शंभर जातं. जड पाण्यात फेस कमी येतो म्हणून जास्त ओतायचा मोह होतो. मग तो थर काचेवर आणि काळ्या रबरावर चिकटून बसतो. फेस कमी असला तरी चालतो, मोजा रंगावर सहज घसरतोय ना तेवढं पाहायचं. भांड्याचा साबण आणि कपड्याची पावडर मात्र नकोच. ती तेलकटपणा तोडायला बनवलेली असते, त्यामुळे वॅक्सही सोबत जातं.

दोन मोजे का: एक वरच्या दोन-तृतीयांश भागाला, दुसरा खालच्या पट्ट्याला आणि चाकांना. काळी माती खालीच बसते. ती ओली असताना चिकट असते आणि वाळली की ढेकळासारखी कडक. चाकांच्या कमानीत आधी पाणी मारून दहा मिनिटं भिजू द्यायची. वाळलेल्या मातीवर थेट मोजा फिरवला तर रेघ पडलीच समजा. क्रम: चाकं आधी, मग छत, काचा, बॉनेट, दारांचा वरचा भाग, शेवटी खालचा पट्टा.

टॉवेल घेताना जीएसएम पाहावा. पुसायच्या कापडाला ३०० ते ४०० पुरे, पाणी टिपायच्या टॉवेलला ८०० च्या वर हवा. टॉवेल घासायचा नाही: पसरायचा, थापायचा, उचलायचा. कापडाचं लेबल पहिल्याच दिवशी कापून टाकावं, त्याची कडक कड रंगावर ओरखडते.

५ फेब्रुवारी : कापड कडक झालं

धुतलेली मायक्रोफायबर कापडं वाळल्यावर पापडासारखी ताठ. दोन कारणं. एक, बोअरच्या पाण्यातले क्षार धाग्यात बसले. दोन, वाळत घातली होती कंपाउंडच्या भिंतीवर, वाऱ्याने सिमेंटची कच आणि वाळलेला पाला त्यात गेला. कचरा बसलेली तीन कापडं आता फक्त चाकांना.

उपाय: एका बादलीला एक कप व्हिनेगर, अर्धा तास भिजवायचं, मग नळाच्या पाण्याने धुवायचं. कोमट पाणी, थोडा द्रव साबण, सुती कपड्यांसोबत कधीच नाही, कारण सुताचे तंतू चिकटतात. कपडे मऊ करणारं सुवासिक द्रव घालू नये, धागे झाकले जातात आणि पाणी शोषत नाहीत. आतल्या दोरीवर वाळवायचं. रंग ठरवून घेतले: लाल चाकांना, निळं रंगावर, पिवळं आतल्या भागाला.

१६ फेब्रुवारी : प्रेशर वॉशर

६,२०० रुपयांचं घरगुती मशिन, १,८०० वॅट. सगळ्यात जास्त वेळ इथेच गेला.

पहिल्या दिवशी मशिन झटके देत चालत होतं, धार येत-जात होती. मशिन परत करायची तयारी झाली होती, पण दोष पाण्याचा निघाला. टाकी पहिल्या मजल्यावर, पाइप अर्ध्या इंचाचा आणि वीस मीटर. पंपाला हवं तेवढं पाणी पोहोचत नव्हतं. मग बादलीतून ओढायला लावलं तर पाइपात हवा राहिली. ओढायचा पाइप आधी बादलीत पूर्ण बुडवून भरून घ्यायचा, नोझल काढून बंदूक दाबून धरायची, हवेचे बुडबुडे निघून सलग पाणी आलं की मगच नोझल लावायचं. पाण्याविना पंप चालू ठेवला तर आतले सील जातात.

पाण्याच्या तोंडाशी जाळीचा फिल्टर घेतला, १८०. बोअरमधून बारीक वाळू येते.

वीज: १,८०० वॅट म्हणजे साधारण ८ अँपिअर. मोबाइल चार्जिंगच्या एक्स्टेन्शन बोर्डावर लावलं तर वायर गरम झाली, त्यातही ती गुंडाळीतच होती. २.५ चौरस मिलिमीटरची १५ मीटर वायर आणि १६ अँपिअरचा प्लग करून घेतला, ९००. संध्याकाळी व्होल्टेज पडतं तेव्हा मोटर नुसती गुणगुणते आणि सुरू होत नाही; अशा वेळी बटण दाबून ठेवू नये. सकाळी सहाला चालवायचं.

बंदूक रंगापासून फूटभर लांब, २५ किंवा ४० अंशांचं पसरट नोझल. फिरणारं टोकदार नोझल रंगावर वापरूच नये. जिथे दगड लागून रंगाचा टवका उडाला आहे, तिथे धार मारली तर कड आणखी उचलली जाते.

२३ फेब्रुवारी : फोम

मशिनसोबत आलेल्या छोट्या बाटलीतून फेस पातळ, दूध सांडल्यासारखा वाहून जातो. वेगळी फोम कॅनन घेतली, १,१०० रुपये. घेताना आतल्या छिद्राचा आकार विचारावा. मिनिटाला सहा-सात लिटर देणाऱ्या छोट्या मशिनला १.१ मिमी हवं, १.२५ मिमी मोठ्या मशिनसाठी. बाटलीत १०० मिली शॅम्पू, ९०० मिली पाणी. फेस चार-पाच मिनिटं ठेवायचा, वाळू द्यायचा नाही. फुफाटा त्यासोबत खाली उतरतो आणि मोजा फिरवताना कच कमी उरते.

दुसऱ्याच वेळी फेस बंद पडला. कॅननच्या आत तारेच्या जाळीची लहान गोळी असते, ती क्षारांनी चोंदली होती. रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवली, मोकळी झाली. आता बाटलीत फक्त आरओचं पाणी भरायचं आणि काम झाल्यावर मिनिटभर साधं पाणी सोडायचं.

२ मार्च : लोखंडाचे कण, क्ले

मागच्या दाराची खरखर धुलाईने गेली नव्हती. आयर्न रिमूव्हर फवारला (५०० मिली, ५५० रुपये). दोन मिनिटांत जांभळे ओघळ सुरू झाले. रेल्वेच्या ब्रेकमधून आणि रुळांवरून उडणारे लोखंडाचे बारीक कण रंगात रुतून गंजतात. हे द्रव त्यांना विरघळवतं आणि तो जांभळा रंग त्याचाच. यार्डाजवळ, गिरणीजवळ किंवा वेल्डिंगच्या दुकानासमोर गाडी उभी राहत असेल तर ही बाटली घ्यावीच. गाडी तशी उभी राहत नसेल तर आधी फक्त क्ले (रुतलेले कण ओढून काढणारी चिकणमातीसारखी वडी) फिरवून पाहा, बहुतेकदा भागतं. वास कुजक्या अंड्यासारखा; उघड्यावर, हातमोजे घालून. चार मिनिटांच्या वर ठेवायचं नाही, वाळू द्यायचं नाही.

मग क्ले, १०० ग्रॅम, ४५० रुपये. बारीक दर्जाचा घ्यावा. पुरीच्या गोळ्याएवढा तुकडा चपटा करायचा, शॅम्पूच्या पाण्याने पृष्ठभाग ओलाचिंब ठेवायचा आणि वजन न देता सरळ रेषेत सरकवायचा. दर पॅनेलनंतर मळून नवीन बाजू. डाव्या दाराजवळ एक तुकडा जमिनीवर पडला. तो तिथेच फेकला. धुऊन वापरता येत नाही, कच आत रुतलेली असते. म्हणून पूर्ण वडी एकदम हातात घेऊ नये, चार तुकडे करून ठेवावेत.

केळीचा चीक दोन ठिकाणी होता. ओला असताना साध्या धुलाईत जातो. वाळून तपकिरी झालेला आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या ओल्या कापडाने हळू सुटला. डांबराच्या ठिपक्यांना टार रिमूव्हर लागेल, ते काम राहिलं.

८ मार्च : ग्राइंडरचा प्रयोग

पॉलिशिंग मशिनचे पैसे वाचवायचा विचार होता. घरातल्या चार इंची ग्राइंडरला लोकरीचा पॅड बसवायचा. पॅड आणि प्लेट ३५० रुपये. प्लेटच्या स्क्रूचा आटा एम-१४ मापाचा, ग्राइंडरचा एम-१०, बसलंच नाही. आटा बदलणारा तुकडा उसना आणून भंगारातल्या दारावर चालवून पाहिलं. कडेला रंग तीन-चार सेकंदांत जळून खालचा प्रायमर दिसला. ग्राइंडर ११,००० आरपीएमवर फिरतो, पॉलिशर ६०० ते ३,००० वर. हे भंगाराच्या दारावर कळलं, गाडीच्या नाही.

डेंटिंग-पेंटिंगच्या मिस्त्रींनी रंगाची जाडी मोजणारा गेज लावून दिला. बॉनेट १०५ ते ११८ मायक्रॉन, छत ११०, उजवा मागचा दरवाजा २६०. “भाऊ, हा दरवाजा पेंट झालेला आहे. याला सांभाळून घ्या, हा कंपनीचा रंग नाही.” त्या १०५ मायक्रॉनमध्ये प्रायमर, रंग आणि क्लिअर कोट सगळं आलं, घासायला मिळतो तो फक्त वरचा थर, चाळीस-पन्नास मायक्रॉनचा. प्लास्टिकच्या बंपरवर हा गेज चालत नाही.

१५ मार्च : धुळवडीनंतर

सीटवर कोरडा गुलाल. ओलं कापड लावलं असतं तर रंग कापडात कायमचा बसला असता. आधी घरचा व्हॅक्यूम आणि मऊ ब्रश, तीन फेऱ्या. उरलेल्या छटेला एपीसी (ऑल पर्पज क्लीनर) १ ला १० प्रमाणात, ब्रशवर फेस करून, लगेच पिवळ्या कापडाने टिपून. एपीसी एक लिटर ३५०, ब्रशचा संच २००. सिगारेट लायटरवर चालणारे व्हॅक्यूम ओढ कमी देतात. घरात व्हॅक्यूम असेल तर त्याला फटीत जाणारं चपटं तोंड लावून काम होतं.

स्क्रीनवर आणि बटणांवर थेट फवारायचं नाही, कापडावर घेऊन पुसायचं. किटमधलं डॅशबोर्डचं चकचकीत द्रव लावून पाहिलं: दुपारी काचेत प्रतिबिंब पडून समोरचं नीट दिसेना. एपीसीने पुसून काढलं. आता फक्त ओलं कापड.

१६ मार्च : डीए मशिन, चाचणीचा चौकोन

डीए (ड्युअल अ‍ॅक्शन) पॉलिशर ६,५००, साडेपाच इंची फोम पॅड चार १,२००, एकाच टप्प्याचं पॉलिश ७००. डीए गोल फिरता फिरता डोलतं, त्यामुळे एका जागी उष्णता साचत नाही आणि नवख्याच्या हातून रंग जळण्याचा धोका खूप कमी होतो.

बॉनेटवर दीड फुटाचा चौकोन टेपने आखला. पॅडवर वाटाण्याएवढे चार थेंब, मशिनच्या वेगाच्या १ वर पसरवून ४ वर चार-सहा फेऱ्या. काहीच फरक नाही. प्लेटच्या कडेला मार्करने रेघ मारल्यावर कारण दिसलं: हाताने इतका दाब पडत होता की पॅड फिरतच नव्हता, नुसता थरथरत होता. दाब कमी, मशिनचं वजन आणि थोडासा हात एवढाच, पॅड सपाट, सरकवण्याचा वेग सेकंदाला दोन-तीन सेंटिमीटर. दुसऱ्या प्रयत्नात रेघांची जाळी सुमारे तीन-चतुर्थांश गेली. खोल रेघा राहिल्या, त्या राहू दिल्या. त्यांच्या मागे लागून क्लिअर कोट संपवण्यात अर्थ नाही.

२२ आणि २३ मार्च : पूर्ण गाडी

एकूण अकरा तास. काळ्या प्लास्टिकवर आणि रबरावर आधी मास्किंग टेप. समोरची एक पट्टी राहून गेली, तिथे पॉलिश वाळून पांढरं झालं आणि काढायला अर्धा तास लागला.

शनिवारी सकाळी अकराच्या पुढे पॉलिश पॅडवरच सुकून पीठ उडू लागलं. तळहात बॉनेटवर पाच सेकंद टेकवून ठेवता येत नसेल तर काम थांबवायचं. रविवारी पहाटे साडेपाचला सुरू करून नऊला थांबलो, उरलेलं संध्याकाळी शेडमध्ये. चार पॅड कमी पडले. दोन पॅनेलनंतर पॅड ओला-जड होतो आणि कापत नाही. धुऊन वाळायला दिवस लागतो. सहा हवेत. दर पॅनेलनंतर ब्रशने पॅड झाडायचा. पेंट केलेल्या दारावर फक्त दोन फेऱ्या.

शेवटी अल्कोहोल आणि आरओचं पाणी, १ ला ५, याने पुसलं. पॉलिशमधलं तेल रेघा भरून टाकतं आणि काम झाल्यासारखं दिसतं. तेल निघाल्यावर खरं दिसतं. डाव्या फेंडरवर जाळी परत दिसली, पुन्हा केलं.

वर स्प्रे सीलंट (रंगावरचा संरक्षक थर), ५०० मिली ८५०. एका दारासाठी दोन फवारे, एका कापडाने पसरवायचं, दुसऱ्या कोरड्याने लगेच उचलायचं. सिरॅमिक कोटिंग टाळलं. ते घट्ट व्हायला बंद, धूळविरहित जागा आणि कोरडे तास लागतात; मार्चच्या वावटळीत उघड्यावर ते जमत नाही, आणि पुसायचा राहिलेला डाग घट्ट झाला की पॉलिशरनेच काढावा लागतो.

१३ एप्रिल : हिशेब

टायरसाठी पाण्यावर आधारित ड्रेसिंग (टायर पॉलिश), ३५०. तेलकट प्रकार उडून दारावर ठिपके पडतात. स्पंजने लावून दहा मिनिटांनी जादाचं पुसून घ्यायचं.

आजवरचा खर्च २५,४०० रुपये, व्हिनेगर आणि जारच्या पाण्याचे २८० धरून. मर्यादेपेक्षा ५,४०० जास्त.

वॉशर, कॅनन, फिल्टर, वायर: ८,३८०.
डीए, पॅड, पॉलिश: ८,४००.
वाया: किट १,४५० आणि ग्राइंडरचा पॅड ३५०.
बाकी सगळं, म्हणजे मीटर, बादल्या, मोजे, कापड, शॅम्पू, आयर्न रिमूव्हर, क्ले, सीलंट, आतलं सामान, टायर: ६,८२०.

नव्याने सुरू करणाऱ्याने हे ६,८२० आधी खर्च करावेत, त्यातही पहिले २५० मीटरवर. यातच गाडी स्वच्छ, गुळगुळीत आणि पाणी घसरणारी होते. वॉशर नसेल तर बागेचा पाइप आणि हाताने दाब भरायचा फवारा चालतो, फक्त भिजवायला वेळ जास्त द्यावा. डीए वर्षातून एकदा लागतं. दोन-तीन घरांत मिळून एक घेतलं तरी पुरतं. आधी मशिन घेऊन मग जुन्याच फडक्याने पुसत राहिलं तर महिनाभरात जाळी परत येते, आणि क्लिअर कोट तेवढा कमी झालेला असतो.

२७ एप्रिल : पाच आठवड्यांनी

दारांवर पाण्याचे थेंब अजून गोल उभे राहतात. छतावर आणि बॉनेटवर पाणी पसरतंय, तिथलं सीलंट उन्हाने आणि रोजच्या धुळीने गेलं. या दोन पॅनेलना दर चार आठवड्यांनी, बाकी गाडीला दोन-अडीच महिन्यांनी, असं ठरवलं. आज पहाटे दोन्हींवर परत लावलं, वीस मिनिटं, ४० मिली.

टॉर्चखाली बॉनेट स्वच्छ. ड्रायव्हरच्या दाराच्या हँडलमागे नखांच्या बारीक रेघा. शॅम्पू ३०० मिली शिल्लक. डांबराचे सहा ठिपके उजव्या खालच्या पट्ट्यावर अजून आहेत. टार रिमूव्हर आला की आधी ते.